लॅबमधून लागतं, हॉस्टेलमधून लागत नाही

शनिवारी रात्री साडेदहाला हॉस्टेलच्या खोलीतून लॅबच्या सर्व्हरवर लॉगिन करायला गेले आणि टर्मिनल नुसतं थांबून राहिलं. दोनेक मिनिटांनी 'कनेक्शन टाइम्ड आऊट'. पुन्हा केलं, पुन्हा तेच. एरवी मी लॅपटॉप मिटून झोपले असते. पण त्या दिवशी दुपारी सर्व्हरची डिस्क ९३ टक्के भरलेली बघितली होती, आणि माझं पुराचं मॉडेल दर तासाला त्याच डिस्कवर नवी फाइल टाकत होतं. जेवून आल्यावर जुन्या फाइली उडवू, असं ठरवून मी लॅबमधून निघाले होते. डिस्क भरून माझा रन पडला असता तर ते माझ्या आळसाचं फळ. पण त्याच डिस्कवर आमच्या लॅबमधल्या एका सीनिअर दादाचा रन नऊ दिवसांपासून चालू होता. त्यात आमच्या हॉस्टेलचं गेट दहाला बंद होतं. लॅब चालत दहा मिनिटांवर, पण सकाळी सहापर्यंत ती परगावी असल्यासारखीच.

हा लेख त्या रात्रीबद्दल आहे आणि पीएचडीला येऊ घातलेल्या मुलामुलींसाठी आहे. तुमचा विषय जलविज्ञान असो, भाषाशास्त्र असो की जनुकशास्त्र, कधीतरी तुमचा डेटा एका इमारतीत आणि तुम्ही दुसऱ्या इमारतीत असणारच. कॉम्प्युटरची पदवी नसली तरी घाबरू नका. माझीही नाही, मी सिव्हिलची. कमांडची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर ती रोमनमध्येच टाकायची. आयपी पत्ते मी बदललेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं खरं आहे.

आधी गल्ली समजून घेऊ

आमच्या सर्व्हरचा पत्ता धरू १०.४०.८.२५ आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. हाच मास्क थोडक्यात '/२४' असा लिहितात, कारण पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २४ बिट गल्लीचं नाव सांगतात आणि उरलेले ८ घराचा नंबर. म्हणजे १०.४०.८ ही गल्ली आणि २५ हे घर.

कुठलंही मशीन पॅकेट पाठवताना स्वतःला एकच प्रश्न विचारतं: ज्याला पाठवायचंय तो माझ्याच गल्लीतला आहे का? असेल तर ते सरळ हाक मारतं, '१०.४०.८.६० कोण आहे?' ज्याचा तो पत्ता आहे ते मशीन आपला हार्डवेअरचा पत्ता सांगतं आणि पॅकेट थेट त्याच्या दारात जातं. या हाकेला एआरपी म्हणतात, १९८२ पासून ती अशीच चालू आहे. हाक गल्लीपुरतीच ऐकू जाते. समोरचा गल्लीबाहेरचा असेल तर पॅकेट गेटवेकडे, म्हणजे गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या राउटरकडे द्यायचं. पुढचं तो बघतो.

यात दोन गोष्टी सगळ्यांच्या नजरेतून सुटतात. माझ्याही सुटल्या होत्या. एक, 'गल्लीतला की बाहेरचा' हे पाठवणारा स्वतःच्या सेटिंगवरून ठरवतो, ते बरोबर आहे का हे कुणी तपासत नाही. दुसरी, लॉगिन हा एक प्रवास नसतो, जाण्याचा आणि येण्याचा असे दोन असतात, आणि परतीचा रस्ता तुमचा लॅपटॉप नाही, सर्व्हर ठरवतो. मुक्कामी एसटीने गावात पोहोचता येतं, म्हणून त्याच रात्री परतही येता येतं असं नाही ना, तसंच.

सर्व्हर नेमकं काय म्हणाला?

'सर्व्हर लागत नाही' ही तक्रार झाली, निरीक्षण नाही. स्क्रीनवर आलेलं वाक्य जसंच्या तसं वाचायची सवय लावून घ्या, कारण प्रत्येक वाक्याचा अर्थ वेगळा आहे.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर बहुतेक वेळा ती चांगली बातमी असते. तुमचं पॅकेट पोहोचलं, 'या पोर्टवर कुणी नाही' असं उत्तर निघालं आणि तेही तुमच्यापर्यंत आलं. जाणं-येणं दोन्ही शाबूत, एसएसएचची सेवाच तेवढी बंद आहे किंवा २२ सोडून दुसऱ्या पोर्टवर आहे. 'परमिशन डिनाइड' तर त्याहून पुढचं. तिथे नेटवर्कचा काही संबंधच नाही, तुमची किल्ली किंवा पासवर्ड बघा. पिंगमध्ये 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं तर ते कोण म्हणतंय ते बघा. त्या ओळीत बोलणाऱ्याचा पत्ता असतो. तो तुमच्याच लॅपटॉपचा असेल तर अर्थ असा की समोरच्याला तुम्ही गल्लीतला समजलात, हाक मारली आणि कुणी ओ दिली नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे टाइमआऊट, कारण ती नुसती शांतता आहे. पॅकेट जाताना हरवलं, वाटेतल्या फायरवॉलने गुपचूप टाकून दिलं, सर्व्हर बंद आहे, किंवा सर्व्हरने उत्तर दिलं पण ते भलतीकडे गेलं, या चारही गोष्टी तुमच्या खोलीतून हुबेहूब सारख्या दिसतात. मला मिळाली ती हीच शांतता. पिंगलाही उत्तर नव्हतं. (पिंगचं उत्तर न येणं हा तसाही पक्का पुरावा नाही. ते आयसीएमपी वापरतं, एसएसएच टीसीपी वापरतं, आणि अनेक ठिकाणी पहिल्याला मुद्दाम अडवलेलं असतं.)

मी मात्र चारांपैकी एकच शक्यता धरून बसले: सर्व्हर पडलाय. त्यावर माझा जवळजवळ एक तास गेला. लॅबच्या ग्रुपवर विचारलं तर एकाने लगेच लिहिलं, 'वॉचमनकाकांना सांगून रीस्टार्ट मारून घे.' खरं सांगते, मी फोन हातात घेतला होता. दादाच्या रनचे नऊ दिवस आठवले म्हणून आधी त्यालाच फोन लावला. तो नाशिकला घरी होता.

'दादा, सर्व्हर पडलाय बहुतेक.'

'थांब, बघतो. अगं, मला तर लागतंय. व्हीपीएनवरून आत आहे मी. डिस्क ९६ टक्के झालीय, काहीतरी कर.'

त्याला माझ्या फाइली उडवण्याचा अधिकार नव्हता. आमचं व्हीपीएन फक्त कॅम्पसबाहेरून जोडता येतं, त्यामुळे मला ते निरुपयोगी. पण त्याच्या एका वाक्याने माझा एक तासाचा समज मोडला.

कुठून लागतं आणि कुठून नाही

मग वही काढली. हे मी आमच्या सरांकडून शिकले: प्रयोग करण्याआधी अपेक्षित उत्तर लिहायचं, आणि ते उत्तर आलं तर कुठला अंदाज मरतो तेही लिहायचं. नाहीतर रात्री बारा वाजता माणूस कमांड नुसत्या पेरत सुटतो.

पहिला अंदाज असा: सर्व्हरचा गेटवे किंवा मास्क चुकलाय. हे सबनेट ओलांडतानाचं सगळ्यात नेहमीचं दुखणं. गेटवे नसेल तर गल्लीतल्या सगळ्यांना सर्व्हर दिसतो आणि बाहेरच्या कुणालाच दिसत नाही. पण दादा व्हीपीएनवरून आला होता, त्याचा पत्ता १०.२००.३.१७, म्हणजे गल्लीबाहेरचा. त्याला उत्तर मिळालं. गेटवे ठीक आहे. अंदाज मेला.

दुसरा अंदाज: हॉस्टेलच्या बाजूची फायरवॉल लॅबकडे जाऊ देत नाहीये. हा सगळ्यांचा लाडका अंदाज, कारण यात दोष दुसऱ्या कुणाचा तरी असतो. नेटवर्क विभागाला रागाचा ईमेल मी अर्धा लिहूनही ठेवला होता. तपासायला त्याच गल्लीतलं दुसरं एखादं मशीन हवं. माझा लॅबमधला डेस्कटॉप, १०.४०.८.६०, मी कधीच बंद करत नाही (वीजबिलाबद्दल सर बोलतात, पण त्या रात्री तोच कामाला आला). हॉस्टेलमधून त्यावर एसएसएच केलं. लगेच लागलं.

इथे मला कपाळावर हात मारावासा वाटला. डेस्कटॉप लागतो, तर डेस्कटॉपवरून पुढे सर्व्हरवर जाता येईल की! गेले. सव्वाबाराला डिस्क ९७ टक्के. जुन्या फाइली उडवल्या, डिस्क ६१ वर आली, दादाला मेसेज केला. एसएसएचमध्ये यासाठी 'प्रॉक्सीजंप' नावाची सोयच आहे, ओपनएसएसएच ७.३ पासून, म्हणजे २०१६ पासून, कॅपिटल जे या पर्यायाने एकाच कमांडमध्ये मधल्या मशीनवरून उडी मारता येते. आधीच सुचलं असतं तर इतका जीव टांगणीला लागला नसता. पण 'सर्व्हर मेलाय' असं डोक्यात पक्कं बसलं की त्याच्याकडे जाणारा दुसरा रस्ता शोधावासाच वाटत नाही.

संकट टळलं, पण कोडं तसंच होतं, आणि आता ते जास्त मजेशीर झालं होतं. लॅबच्या गल्लीतून सर्व्हर लागतो. व्हीपीएनच्या गल्लीतून लागतो. हॉस्टेलमधून लॅबच्या गल्लीतला डेस्कटॉप लागतो. नाही लागत ते फक्त हॉस्टेलमधून सर्व्हर, ही एकच जोडी. म्हणजे रस्ता ठीक, सर्व्हर ठीक, फक्त या सर्व्हरचं हॉस्टेलशी वाकडं आहे. शिवाय गुरुवारपर्यंत लागत होतं.

पॅकेट येतंय, उत्तर कुठे जातंय?

आता सर्व्हरवर बसून बघायचं होतं की माझं पॅकेट येतं तरी का. त्यासाठी टीसीपीडम्प हे हत्यार, १९८८ पासूनचं. ते मशीनच्या दारातून आत-बाहेर जाणारं प्रत्येक पॅकेट दाखवतं. एक सावधगिरी: तुम्ही स्वतः एसएसएचने आत असाल आणि पोर्ट २२ वरचं सगळं दाखव म्हणालात, तर तुमच्याच सेशनची पॅकेटं धबधब्यासारखी वाहू लागतात. मी डेस्कटॉपवरून आत होते, म्हणून गाळणी लावली ती फक्त माझ्या लॅपटॉपच्या पत्त्याची, १७२.१८.६६.११२.

दुसऱ्या खिडकीतून लॅपटॉपवरून थेट लॉगिनचा प्रयत्न केला. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावर पॅकेट आलं. एका सेकंदाने तेच पुन्हा. मग दोन सेकंदांनी, मग चार. उत्तर आलं नाही की टीसीपी असंच थांबत थांबत दार वाजवतं. पण बाहेर जाणारी एकही ओळ नाही. सर्व्हर पॅकेट घेतोय आणि या कार्डावरून काहीच सोडत नाहीये.

मग त्यालाच विचारलं. लिनक्समध्ये 'आयपी राउट गेट' पुढे पत्ता लिहिला की तो सांगतो, या पत्त्याला पॅकेट पाठवायचं तर मी कुठल्या दाराने पाठवेन. दादाच्या १०.२००.३.१७ साठी उत्तर आलं: गेटवे १०.४०.८.१, मुख्य कार्ड. माझ्या १७२.१८.६६.११२ साठी आलं: दार 'बीआर' आणि पुढे बारा अक्षरांचं अगम्य नाव, स्वतःचा पत्ता १७२.१८.०.१.

हे दार कुठून आलं? डॉकरचं होतं. शुक्रवारी दुपारी आमच्या ज्युनिअरने उपग्रहचित्रांवर खुणा करायचं एक सॉफ्टवेअर डॉकर कंपोजने बसवलं होतं. डॉकर प्रत्येक कंपोज प्रकल्पाला सर्व्हरच्या आतच एक खासगी गल्ली करून देतं, तिला ब्रिज म्हणतात. मूळची गल्ली १७२.१७.०.०/१६, त्यामुळे पुढची रिकामी गल्ली १७२.१८.०.०/१६. तीन कंटेनरसाठी ६५,५३६ पत्ते! आणि आमचं हॉस्टेल नेमकं १७२.१८ मध्येच.

यात चूक कुणाचीच नाही, हे मला सगळ्यात रंजक वाटलं. खासगी वापरासाठी तीनच पट्टे राखून ठेवलेले आहेत: १०.०.०.० पासूनचा, १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५, आणि १९२.१६८.०.० पासूनचा. १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये हे ठरलं. डॉकर त्यातूनच घेतं आणि आमचं नेटवर्क खातंही त्यातूनच घेतं. नवी गल्ली काढताना डॉकर सर्व्हरच्या राउटिंग टेबलात बघतं की हा पट्टा आधी कुठे नोंदलेला आहे का. पण हॉस्टेलची तिथे वेगळी नोंदच नव्हती. 'बाकी सगळं गेटवेकडे' या एका ओळीत ते मावत होतं. राउटिंगचा नियम असा की जास्त नेमकी नोंद जिंकते. 'बाकी सगळं' विरुद्ध '१७२.१८ ने सुरू होणारं सगळं' यात दुसरी जिंकणारच. शुक्रवारपासून आमचं अख्खं हॉस्टेल सर्व्हरच्या लेखी त्याच्या पोटातल्या एका गल्लीत राहायला गेलं होतं.

टीसीपीडम्प सगळ्या दारांवर लावलं तेव्हा तर स्पष्टच दिसलं. ब्रिजवर सर्व्हर हाका मारत होता: '१७२.१८.६६.११२ कोण आहे? १७२.१८.०.१ ला सांगा.' तीन कंटेनरांच्या गल्लीत तो मला शोधत होता. (तुमच्या सर्व्हरवर ही हाक दिसेलच असं नाही. कर्नलमध्ये परतीच्या रस्त्याची कडक तपासणी चालू असेल तर असं पॅकेट आत येतानाच टाकून दिलं जातं. 'राउट गेट' मात्र दोन्ही वेळा खरं सांगतं.)

आणि रीस्टार्ट मारला असता तर? दादाचे नऊ दिवस गेले असते, आणि डॉकरचं नेटवर्क जसंच्या तसं परत उभं राहिलं असतं. ते रीस्टार्टने पुसलं जात नाही.

दुरुस्ती पाच मिनिटांची. ज्युनिअरला सकाळी फोन केला. तो बिचारा 'ताई, मी तर नेटवर्कला हातच लावला नाही' म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं. कंपोजच्या फाइलमध्ये नेटवर्कचा सबनेट आपण स्वतः लिहू शकतो. कॅम्पसमध्ये न वापरला जाणारा १९२.१६८.२००.०/२४ लिहिला, प्रकल्प 'डाउन' करून पुन्हा 'अप' केला. नुसतं थांबवून चालू केलं तर जुनं नेटवर्कच राहतं, ते मोडून नवं व्हावं लागतं. हॉस्टेलमधल्या मैत्रिणीला लॉगिन करायला सांगितलं, लागलं. डॉकरच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये 'डिफॉल्ट ॲड्रेस पूल्स' देऊन हा प्रश्न कायमचा सोडवता येतो, पण त्यासाठी डॉकरची सेवा पुन्हा सुरू करावी लागते. दादाचा रन कंटेनरमध्ये नव्हता, तरी तो संपेपर्यंत मी त्याला हात लावला नाही.

माझं दुखणं तुमचं असेलच असं नाही

लक्षणं उलटी असतील तर कारणही वेगळं. समजा कुणी सर्व्हरवर /२४ ऐवजी चुकून /८ मास्क टाकला. मग १० ने सुरू होणारा प्रत्येक पत्ता त्याला आपल्याच गल्लीतला वाटेल. व्हीपीएनवरच्या दादाला तो गेटवेकडे न जाता हाका मारत बसेल, आणि १७२ वाल्या हॉस्टेलला मात्र व्यवस्थित उत्तर देईल. म्हणजे माझ्या केसचा आरसा. काही राउटर दुसऱ्याच्या वतीने हाकेला ओ देतात. तसा राउटर असेल तर चुकीचा मास्क वर्षभर खपून जातो आणि राउटर बदलला त्या दिवशी सगळं कोसळतं.

सर्व्हरच्या मदरबोर्डवर बीएमसी नावाचा एक छोटा स्वतंत्र कॉम्प्युटर असतो, मुख्य मशीन बंद असतानाही दुरून चालू-बंद करता यावं म्हणून. त्याचा आयपी, मास्क आणि गेटवे सगळं वेगळं असतं. बसवणारा माणूस शेजारी लॅपटॉप लावून आयपी टाकतो, शेजारून लागतंय बघतो, गेटवे रिकामा सोडून निघून जातो. नंतर दुसऱ्या इमारतीतून ते कधीच लागत नाही.

विंडोज सर्व्हर असेल तर फायरवॉलचा नियम उघडून त्यातली 'स्कोप' बघा. दूरस्थ व्यवस्थापनाचा नियम, नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं असताना, मुळात फक्त लोकल सबनेटलाच परवानगी देतो. 'नियम तर चालू आहे' यावर समाधान मानू नका.

नावाने लागत नाही पण आयपीने लागतं, असं असेल तर रस्त्याचा प्रश्नच नाही. '.लोकल' ने संपणारी नावं हाकेसारख्याच पद्धतीने शोधली जातात आणि ती हाक राउटरपलीकडे जात नाही.

आणि एक चकवणारा प्रकार: लॉगिन होतं, छोट्या कमांड चालतात, पण मोठ्या फोल्डरची यादी मागितली की स्क्रीन गोठते. तिथे पॅकेटच्या आकाराकडे बघा. वाटेत कुठेतरी, बहुधा व्हीपीएनच्या बोगद्यात, १५०० बाइटचं पॅकेट मावत नाही आणि 'लहान पाठव' असा निरोप आणणारा आयसीएमपी कुणीतरी अडवून ठेवलाय.

रागाचा तो अर्धा ईमेल मी पुसला आणि सोमवारी नेटवर्क विभागाला दुसराच पाठवला: कुठल्या पत्त्यावरून कुठल्या पत्त्याला, कुठल्या पोर्टवर, किती वाजता, काय संदेश आला, दुसरं कुठून लागत होतं, आणि कॅम्पसमध्ये कुठले पट्टे वापरात आहेत त्याची यादी मिळेल का. यादी दुसऱ्या दिवशी आली. तिची प्रिंट आता सर्व्हरच्या कपाटावर चिकटवली आहे, आणि ज्युनिअरने तिच्याखाली पेनने डॉकरचा नवा पट्टा लिहून ठेवलाय.